उत्तर: ग्रीनस्टेड सहल – पत्रकावर साल कोणतं टाकायचं?

ताई (सहल समिती)
मंडळी, इंग्लंडमधल्या एसेक्सच्या ग्रीनस्टेड चर्चला जायच्या सहलीचं पत्रक गुरुवारी सकाळी छापायला जातंय आणि अडलंय पहिल्याच ओळीवर. नानांच्या मजकुरात 'इ.स. 845 चं लाकडी चर्च' आहे, गेल्या दोन्ही सहलींना होतं तसंच. ते बदलायला हवं असं माझं ठाम मत आहे. बुधवारी रात्रीपर्यंत कळवा.

नाना
845 मी मनानं लिहिलेलं नाही. 1960 मध्ये लाकडाची वलयं मोजून तज्ज्ञांनीच ते साल दिलं होतं. शिवाय नवव्या शतकातला राजा संत एडमंड याचा देह 1013 मध्ये लंडनहून बरी सेंट एडमंड्स या गावी परत नेताना वाटेत इथेच ठेवला होता, अशी परंपरा आहे. चर्च त्यानंतरचं म्हटलं तर देह ठेवला कुठे? इतकी वर्षं मी मंडळींना हे सांगत आलोय.

ताई (सहल समिती)
नाना, तुम्ही सांगितलंत म्हणूनच आम्हाला या चर्चची गोडी लागली. पण 1995 मध्ये वलयं पुन्हा तपासली. भिंतीच्या ओंडक्यात शिल्लक असलेलं शेवटचं वलय 1053 चं निघालं. सालीलगतचं पांढरं लाकूड झडून गेलंय, त्याची 10 ते 55 वर्षं धरावी लागतात. म्हणजे झाड तोडलं 1063 ते 1108 च्या दरम्यान. देहाचं म्हणाल तर 1960 च्याच खोदकामात वेदीकडच्या भागाखाली आणखी जुन्या लाकडी बांधकामांच्या खुणा सापडल्या होत्या. आधीचं चर्च तिथं असणारच.

खजिनदार
सालाचं तुम्ही ठरवा. 53 सीटची बस सांगितली आहे आणि नावं 61 आली आहेत. आठ जणांनी आपापल्या गाड्या काढाव्यात. चर्चच्या दारात गाड्यांची रांग लावू नका, शेजारच्या चिपिंग ओंगर गावात ठेवून चालत या. मैलभराची वाट आहे, 'एसेक्स वे' नावाची लांब पायवाट तिथूनच जाते. गुडघेदुखीवाल्यांनी मला वेगळं कळवा. रविवारी सकाळी प्रार्थना असते, दुपारी बाराच्या आत कोणी आत शिरू नये.

आप्पा
पत्रकात '1848 च्या दुरुस्तीत ओंडक्यांची बुडं कापली' एवढंच लिहून पुढे गेलात, याचं मला वाईट वाटलं. माझ्या मते तिथली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. ओकचं झाड उभं चिरून त्याचे अर्धगोल ओंडके शेजारी शेजारी उभे केलेत, गोल बाजू बाहेर, सपाट बाजू आत. कडेला खोबण पाडून तिच्यात लाकडी पट्टी बसवली, म्हणजे फटीतून वारा येत नाही. मात्र बुडाला ओल लागून ते कुजलं. तेवढंच कापून खाली विटांचं जोतं घातलं, म्हणून वरचं लाकूड आज उभं आहे. राजापूरच्या आमच्या घराच्या ओटीचे खांब वडिलांनी असेच वाचवले होते. वाळवी लागलेलं बूड कापलं आणि खाली जांभ्याचा चिरा सरकवला. सुतार दोन दिवस खांब टेकू देऊन धरून होता. मुलांना त्या विटांवर हात ठेवायला सांगा.

वहिनी
उत्तरेच्या भिंतीतल्या भोकाबद्दल 'कुष्ठरोगी बाहेर उभे राहून इथून प्रार्थना बघत' हे वाक्य कृपा करून काढा. तिथं पूर्वी दार होतं, त्याच्या शेजारचा तो पवित्र पाण्याचा कोनाडा असण्याचीच शक्यता जास्त. लहानपणी मी वडिलांबरोबर वरोऱ्याला आनंदवनात जायची. या आजाराबद्दल ऐकीव गोष्ट मुलांच्या हाती छापून द्यायला माझं मन घेत नाही.

खजिनदार
वहिनींशी सहमत. वाक्य गेलं तर जागाही वाचेल.

दादा
ती जागा टॉलपडलच्या मजुरांना द्या. 1834 मध्ये कामगार संघटनेची शपथ घेतली म्हणून डॉर्सेटमधल्या त्या गावच्या सहा शेतमजुरांना सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ऑस्ट्रेलियात धाडलं. लोकांनी चळवळ करून त्यांना सोडवून आणलं, आणि त्यातल्या काहींना याच भागात शेती मिळवून दिली. त्यांच्यातल्या जेम्स ब्राइनचं लग्न 1839 मध्ये याच चर्चमध्ये लागलं. नवरी एलिझाबेथ, त्याच्याबरोबर शिक्षा भोगलेल्या थॉमस स्टँडफील्डची मुलगी. मी तीस वर्षं युनियनचं काम केलं. त्या दारातून आत जाताना माझ्या अंगावर काटा येतो.

नाना
1995 चं वाचलं. ठीक आहे, 845 काढा. पण 'सॅक्सन', म्हणजे नॉर्मनांच्या आधीच्या इंग्लंडातलं, या शब्दाला हात लावू नका. नॉर्मन फ्रान्सहून 1066 ला आले, त्यांनी दगडी बांधकामाचा सपाटा लावला. ओक चिरून भिंत उभी करणारे हात इथल्याच सुतारांचे, गादीवर राजा कोणीही असो. आणि 'जगातली सर्वात जुनी लाकडी इमारत' असंही लिहू नये, जपानचं होर्यु-जी मंदिर त्याहून कितीतरी जुनं आहे. वेदीकडचा विटांचा भाग ट्यूडर काळातला, साधारण 1500 चा, आणि घंटेवर 1618 कोरलंय. ही दोन सालं मात्र राहू द्या.

ताई (सहल समिती)
पहिली ओळ अशी करते: 'सॅक्सन सुतारकामाच्या पद्धतीचं लाकडी चर्च, ओक तोडला 1063 ते 1108 च्या दरम्यान.' भोकाचं वाक्य काढलं, ब्राइनचं लग्न घातलं. आप्पा, जोत्याबद्दल चार ओळी उद्या दुपारपर्यंत पाठवा, चारच. नाना, ओंडक्यांपाशी तुम्हीच बोलायचं आहे.

आप्पा
सहा ओळी होतील.