ग्लुटेन बंद करून पाच आठवडे झाले, तरी पोट पुन्हा पुन्हा बिघडतंय. कुठे चुकतंय?

सिंहगड रोड
मुलीला (वय १६) सीलिअ‍ॅकचं निदान झालंय, म्हणजे गहू, सातू यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याच्या अस्तराला इजा होण्याचा आजार. रक्तातलं टीटीजी-आयजीए (या आजारात वाढणारं प्रतिपिंड) बरंच वाढलेलं होतं आणि दुर्बिणीतून घेतलेल्या आतड्याच्या तुकड्यातही तेच आलं. त्या दिवसापासून गहू, रवा, मैदा, सातू बंद. पहिल्या दहा-बारा दिवसांत जुलाब थांबले, भूक लागायला लागली. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र आठवड्यातून दोन-तीनदा पोट गुबारतं, गुडगुडतं, एखादा दिवस पातळ होतं आणि मग दोन दिवस पोट साफच होत नाही. परत तोंडही आलंय.
खाणं असं: सकाळी पेलाभर दुधात नाचणीसत्त्व, डब्यात ज्वारीची भाकरी किंवा घावनं, दोन्ही वेळा वरण-भात, भाजी, ताक. संध्याकाळी बहुतेक मेतकूट-भात. ज्वारी गल्लीतल्या गिरणीत दळून आणते, तिथे ज्वारी-बाजरीची चक्की वेगळी आहे. घरात बाकीच्यांच्या पोळ्या होतातच. लोहाची गोळी चालू आहे. पथ्य लागू पडत नाहीये का?

आहारतज्ज्ञ, कोथरूड
ताई, पथ्य लागू पडतंय. दहा दिवसांत जुलाब थांबले आणि भूक परतली, ती त्यामुळेच. आता जे होतंय त्याला एकच कारण नसावं. तुमच्या यादीत मला तीन-चार जागा दिसतात, त्यातली पहिली आजच बंद करा: मेतकूट.

मेतकुटात हरभरा डाळ, उडीद डाळ आणि तांदळाबरोबर गहूही भाजून घालतात. घरचं असो की विकतचं, गहू बहुधा असतोच. हिशोब करून बघा. गव्हाच्या पिठात साधारण दहा टक्के ग्लुटेन धरा. मेतकुटात गहू दहावा हिस्सा असला तरी मोठा चमचाभर, म्हणजे १० ग्रॅम मेतकुटातून ग्रॅमभर गहू पोटात जातो. हे झालं १०० मिलिग्रॅम ग्लुटेन. रोज ५० मिलिग्रॅम तीन महिने गेलं तरी आतड्याच्या अस्तराला इजा होऊ शकते. एका पोळीला ३० ग्रॅम कणीक लागते असं धरलं, तर हे ५० मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा साठावा भाग! म्हणून "थोडंसंच तर आहे" हे वाक्य या आजारात चालत नाही.

त्याच रांगेत थालीपीठाची भाजणी (तिच्यातही बहुधा गहू असतो), सातूचं पीठ आणि विकतच्या सत्त्वात किंवा शक्तिवर्धक पेयात मिसळलेलं बार्ली माल्ट (मोड आणलेल्या सातूचं). तुमच्या नाचणीसत्त्वाच्या पाकिटावरची घटकांची यादी वाचा. खपली गहू चालतो असं कुणी सांगेल. नाही चालत, खपली हाही गहूच.

मग हिंग. डबीतला बांधानी हिंग बहुतेक वेळा मैदा आणि डिंक घालून केलेला असतो. एका फोडणीतून माणशी फार जात नाही, पण हाच हिंग वरणात, लोणच्यात, पापडात आणि गोड्या मसाल्यातही असतो. डबीवर बारीक अक्षरात काय छापलंय ते बघून इथे लिहा.

पोळ्यांचं म्हणाल, तर पोळ्यांपेक्षा पिठीची भीती जास्त. कणीक चाळताना आणि पोळी लाटताना उडालेलं पीठ ओट्यावर, उघड्या भातावर, मिसळणाच्या डब्यात बसतं. म्हणून तिचा स्वयंपाक आधी, सगळं झाकून ठेवायचं, मग कणीक काढायची. पोळपाट-लाटणं, पिठाची चाळण, भाकरीचा तवा आणि लाकडी उलथनं तिच्यासाठी वेगळं. लाकडाच्या चिरांमधलं पीठ घासून निघत नाही, आणि जुन्या लोखंडी तव्यावर पोळीचा थर चढलेला असतो. तुळशीबागेत स्टीलचा पोळपाट मिळतो, तो घ्या. स्टीलची भांडी, परात, कुकर नीट घासले की वेगळे लागत नाहीत. पुऱ्या तळलेल्या तेलात तिचे पापड तळू नका.

पर्वती पायथा
गिरणीबद्दल. चक्की वेगळी असली तरी तोंडाला बांधलेली कापडी नळी, झाडायचा ब्रश आणि खाली सांडलेलं गोळा करायचं सूप बहुतेक ठिकाणी एकच असतं. शेजारच्या चक्कीवर गहू चालू असतो, त्याची पूड हवेत असते ती वेगळीच. "आमच्या आधी बाजरी दळलेली होती" यावर विसंबू नका. घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू एकदाही घालू नका. तोवर तांदळाची भिजवून वाटलेली घावनं, डोसे, भात यांवर भर द्या, पण मिक्सरचं भांडं गव्हाचं काही न वाटलेलं हवं.

ज्वारी मार्केट यार्डातून आणा किंवा दुकानातून, परातीत पातळ पसरून निवडा. मूठभर ज्वारीत गव्हाचे दोन-तीन दाणे सहज सापडतात. लांबट आणि मधे चीर असलेला तो गहू. निवडल्यावर दोन पाण्यांनी धुऊन, सावलीत वाळवून मग दळा.

आहारतज्ज्ञ, कोथरूड
गिरणीचं अगदी बरोबर. आता दुधाचं राहिलं.

दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारा विकर (एन्झाइम) आतड्याच्या केसाळ टोकांवर तयार होतो, आणि सीलिअ‍ॅकमध्ये नेमकी तीच टोकं झिजलेली असतात. २०० मिलिलिटर दुधात १० ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज असतं. ते न पचता मोठ्या आतड्यात गेलं की गॅस, गुडगुड आणि पातळ होणं आलंच. ओळखायची खूण म्हणजे वेळ: दूध प्यायल्यावर अर्ध्या ते दोन-तीन तासांत पोट बोलायला लागतं. ग्लुटेनचा त्रास इतका वक्तशीर नसतो. तो काही तासांनी येईल, दुसऱ्या दिवशीही येईल.

दोन आठवडे दूध, खवा, पेढा, आइसक्रीम बंद करून बघा. दही आणि पातळ ताक बहुधा सोसतं. फरक पडला तर आणखी चार-सहा आठवड्यांनी पाव कप दुधापासून सुरुवात करा. अस्तर भरून आलं की हा त्रास बहुतेकांचा जातो, दूध कायमचं सोडायची गरज नसते. मधल्या काळात कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, राजगिरा ठेवा.

पोट साफ न होण्याची दोन साधी कारणं आहेत. पोळीतला कोंडा गेला आणि जागा भाताने घेतली. दुसरं, लोहाची गोळी, तिने मलावरोध होतो आणि शौच काळं होतं. गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना विचारून वेळ, मात्रा किंवा प्रकार बदलता येतो. ती चहा-दुधाबरोबर मात्र देऊ नका. तोंड येणं लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ च्या कमतरतेनेही होतं. ती भरून यायला महिने लागतात.

सिंहगड रोड
हिंगाची डबी बघितली. "खाद्य डिंक, गव्हाचं पीठ, हिंग." मेतकुटाच्या पाकिटावरही गहू आहे. दोन्ही काढली. हिंगाशिवाय वरण कसं करायचं? आणि टीटीजी आता लगेच परत करून बघावं का?

पर्वती पायथा
तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, पण डबीवर ग्लुटेनमुक्त लिहिलेलं असेल तरच घ्या. अन्नसुरक्षेच्या नियमाप्रमाणे त्या शब्दाची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम ग्लुटेन आहे. तोवर जिरं, ओवा, कढीपत्ता, लसणाची फोडणी. लसणाने पोट गुबारत असेल तर तोही काही दिवस कमी करा. मिसळणाच्या डब्यातले मसाले बदला, चमचा सगळ्यांत फिरलेला असतो.

आहारतज्ज्ञ, कोथरूड
टीटीजी आत्ता नको. तो आकडा महिनोन्‌महिने हळूहळू उतरतो, पाच आठवड्यांत वाढलेलाच दिसेल आणि उगीच धास्ती बसेल. सहा महिन्यांनी, मग वर्षाने. तपासणी सामान्य आली तरी एखाद-दुसरी चूक त्यात दिसत नाही, त्यामुळे वही ठेवा: काय खाल्लं, किती वाजता, त्रास किती वाजता, शौच कसं. दोन आठवड्यांची वही घेऊन पोटाच्या डॉक्टरांकडे जा.

वजन घटतंय, रात्री झोपेतून उठून शौचाला जावं लागतंय, शौचात रक्त, ताप किंवा सतत उलट्या, यातलं काहीही दिसलं तर वहीसाठी थांबू नका. आणि "बघू तरी गव्हाने होतं का" म्हणून कुणी पोळीचा तुकडा देऊ लागलं तर देऊ देऊ नका. गणपतीत उकडीचे मोदक खुशाल द्या, फक्त तांदळाची पिठी घरघंटीतली हवी. तळणीचे मात्र नकोत, त्यांच्या पारीत गहू असतो.