'आय कान्ट मेक यू लव्ह मी'ची जन्मकथा

'आय कान्ट मेक यू लव्ह मी' हे गाणं अमेरिकन गायिका बॉनी रेटच्या स्वतःच्या प्रेमभंगातून आलं असावं, असं काहींना वाटतं. पण ते तिनं लिहिलेलंच नाही. गीतकार दोन, माइक रीड आणि ॲलन शॅम्ब्लिन. त्यातला रीड तर आधी सिनसिनाटी बेंगल्सकडून अमेरिकन फुटबॉल खेळायचा, चांगला धिप्पाड बचावपटू!

त्याच्या वाचनात एक बातमी आली. दारूच्या नशेत एका माणसानं प्रेयसीच्या गाडीवर गोळ्या झाडल्या होत्या. न्यायाधीशानं विचारलं, यातून काय शिकलास? त्याच्या उत्तराचा आशय असा, की बाईचं मन आपल्यावर नसेल तर जबरदस्तीनं ते वळवता येत नाही. गाण्याचं बीज हेच.

आधी चाल जलद, ब्लूग्रासच्या (अमेरिकन लोकसंगीताचा एक प्रकार) अंगानं जाणारी होती. ती संथ केली तेव्हा कुठे गाणं सापडलं. मला खरी करामत दिसते ती शब्दांत. बातमीतला बंदूकवाला पुरुष गाण्यात उरलाच नाही. उरलं ते फक्त एक रात्र मागणारं माणूस, आणि उजाडल्यावर आपण हार मानणार हे त्याला पक्कं ठाऊक आहे. ना राग, ना दोष देणं. असं लिहायला फार समज लागते.

१९९१च्या 'लक ऑफ द ड्रॉ' अल्बममध्ये बॉनीनं ते गायलं. पियानो ब्रूस हॉर्न्सबीचा. हेडफोन लावून तो नक्की ऐका, तिच्या आवाजाला कुठेही धक्का न लावता तो शेजारून चालत राहतो. पुढे जॉर्ज मायकेलनंही हे गाणं गायलं, तेही सुरेख आहे. पण मला बॉनीचंच जास्त लागतं.