कोथरूड ते हिंजवडी इलेक्ट्रिक स्कूटर: रेंज आणि पार्किंगमधलं चार्जिंग

पौडफाटा:
कोथरूड डेपो ते हिंजवडी फेज २, चांदणी चौक–बायपास–वाकड मार्गे. जाऊन-येऊन साधारण ४० किमी, आठवड्यातून पाच दिवस. ३ किलोवॉट-अवर बॅटरीची स्कूटर बघतोय. शोरूममध्ये एका चार्जला १२० किमी सांगतात. चौकाचा चढ धरून दोन दिवसांतून एकदा चार्ज केलं तर भागेल का? दुसरं म्हणजे सोसायटी जुनी, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, पार्किंगमध्ये सॉकेट नाही. कॉमन मीटरवरून वीज द्यायला कमिटी तयार नाही.

चढउतार:
१२० हा आकडा चाचणीतला आहे, बायपासवरचा नाही. चढाची मात्र उगाच बदनामी होते. स्कूटर आणि तुम्ही मिळून २०० किलो, चढ साठेक मीटर धरला तर लागतात जेमतेम ३५-४० वॉट-अवर. म्हणजे सव्वा किलोमीटरची रेंज गेली, बस्स.

खरी खादाड गोष्ट वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ४५ च्या वेगाला किलोमीटरमागे ३० वॉट-अवर लागत असतील तर ६५ ला ४५-५० लागतात. आता हिशोब करा: ४५ ने दोन दिवसांचे ८० किमी म्हणजे २.४ युनिट (१ युनिट म्हणजे १ किलोवॉट-अवर), ६५ ने ३.६ च्या वर. तीनातले सगळे युनिट वापरायला मिळत नाहीत, पावणेतीन धरा. म्हणजे सावकाश चालवूनही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाकडच्या पुलावर टक्के मोजत बसावं लागेल. रोज लावा. (हिंजवडीच्या ट्रॅफिकने रेंज फारशी जात नाही, उभी स्कूटर जवळपास काहीच खात नाही. वेळ जातो तो वेगळा.)

तीनफेज:
स्कूटर ठरवायच्या आधी सॉकेट ठरवा. कमिटी कॉमन मीटर नाही म्हणते ते बरोबरच आहे, मागूही नका. मीटर रूममध्ये तुमच्या फ्लॅटचा मीटर असेलच, त्यावरून वेगळी लाइन पार्किंगपर्यंत आणा. घरच्या सध्याच्या जोडणीवर गाडी चार्ज करता येते, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. सेक्रेटरींना अर्ज देताना लाइन कुठून कुठे जाणार त्याचं चित्र जोडा आणि काम परवानाधारक वायरमन करेल असं लिहून द्या.

सामान असं: मीटरपाशी १६ अँपिअरचा डबल पोल एमसीबी (जास्त करंट वाहिला की फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच), तिथून पीव्हीसी पाइपमधून २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, शेवटी झाकणाच्या बॉक्समध्ये १६ अँपिअरचा सॉकेट. ७५० वॉटचा चार्जर सव्वातीन अँपिअरच ओढतो, त्याला हे भरपूर झालं. पुढेमागे कार घ्यायची असेल तर आत्ताच ४ स्क्वेअर एमएम टाका.

जुन्या इमारतीत घोळ असतो अर्थिंगचा. मल्टीमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजा, दोन्ही २३० च्या आसपास हवेत. न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत. चार्जर अर्थिंगची तक्रार करायला लागला की काही वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. तक्रार थांबते, पण मागे कुठे न्यूट्रल तुटली तर स्कूटरच्या सांगाड्यात करंट येतो. असं कोणी करत असेल तर तिथेच थांबवा.

पौडफाटा:
मनापासून आभार. लाइन होईपर्यंत गेटजवळच्या ५ अँपिअरच्या सॉकेटवरून, एक्स्टेन्शन लावून चालेल का? तिथे वॉचमनचा पंखा चालतो. ती वीज सोसायटीचीच, पैसे देईन.

तीनफेज:
नको. सव्वातीन अँपिअर ऐकायला कमी वाटतात, पण ते सलग चार-पाच तास वाहतात. जुन्या सॉकेटची पकड ढिली झालेली असते, तिथे पिन तापते, तापली की पकड आणखी ढिली होते. आधी भोकाभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी. चार्जिंग बंद केल्या केल्या प्लग काढून पिनला बोट लावा, टेकवत नसेल तर तो सॉकेट बाद. गुंडाळलेली एक्स्टेन्शन तर स्वतःच तापते. चार दिवस ऑफिसमध्ये चार्ज करा.

ढगफुटी_नको:
पावसाळ्याचं राहिलं. सॉकेट जमिनीपासून चार फूट वर घ्या. केबल सॉकेटकडे जाताना आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशीच टपकतं. बॅटरी आयपी ६७ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) असली तरी तो दाखला बॅटरीच्या डब्याचा आहे, चार्जिंग पोर्ट आणि वायरींच्या जोडांचा नाही. प्रेशर वॉशर मारून घेऊ नका. पाणी फूटबोर्डला लागत असेल तर गाडी घालू नका.

टायरमधली हवा आठवड्याला बघा, आकडा स्टिकरवर असतो. हवा कमी तर रेंज कमी. आणि भिजून, तापून आल्यावर लगेच प्लग लावू नका, अर्धा तास जाऊ द्या.

चढउतार:
एक भर. बॅटरी एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टची) असेल तर रोज ८०-९० टक्क्यांवर थांबवा, ४० किमीला पुरतं. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेटची) असेल तर आठवड्यातून एकदा पूर्ण १०० करा, नाहीतर टक्क्यांचा आकडा चुकायला लागतो. १०० टक्क्यांवर रीजेन ब्रेकिंग (वेग कमी करताना मोटरने बॅटरीत परत वीज भरणं) मिळत नाही, पण तुम्हाला सकाळी आधी चढच आहे, त्रास नाही. गावाला पंधरा दिवस जाणार असाल तर १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीचं काय करायचं ते मॅन्युअलमध्ये बघून जा. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही स्क्रीन काळीच राहते.