फेब्रुवारीत स्पिती : हिमालयन ४११ आणि केटीएम ३९०, तयारी काय करावी?

कोथरूडचा_भटक्या
फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शिमला–रिकाँग पिओ–ताबो–काझा असा बेत आहे. मोटरसायकली दोन, रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ आणि केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर. ऑइल, बॅटरी, टायर यांचं नेमकं काय करायचं? येताना कुंझुम खिंडीवरून मनालीला उतरता येईल का?

घाटमाथा
कुंझुम (४,५५१ मी.) हिवाळाभर बंद. अटल बोगदा चालू असला तरी तो लाहौलपर्यंतच. ग्रामफू–काझा रस्ता बर्फाखाली. गेलात त्याच वाटेनं परत. पिओला टाकी फुल्ल करा, पुढचा भरवशाचा पंप थेट काझाला, सुमारे २०० किमी. मुक्काम कल्पा, मग ताबो. नाको ३,६६० मीटरवर, ताबो ३,२८०. उंचीचा त्रास टाळायला झोप खालच्या गावात घेतलेली बरी.

स्पॅनर१७
सगळ्यात आधी केटीएमचा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बघा. आपल्याकडे गॅरेजवाले सर्रास नळाचं पाणी टॉपअप करतात, पुण्यात काही बिघडत नाही. काझाला रात्री उणे २० ला तेच गोठून फुगतं आणि रेडिएटर, क्वचित वॉटर पंपही फुटतो. पूर्ण रिकामा करून ग्लायकॉल (गोठू न देणारं द्रव) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. उणे ३५ पर्यंत चिंता नाही. ४११ ला कूलंटच नाही, त्यामुळे तिथे डोकेदुखी एक कमी.

ऑइलमध्ये 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा महत्त्वाचा, तो जितका कमी तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. २०डब्ल्यूची क्रँकिंग (थंड इंजिन फिरवण्याची) चाचणी उणे १५ ला होते, १५डब्ल्यूची उणे २० ला, १०डब्ल्यूची उणे २५ ला. म्हणून १०डब्ल्यू-५०, पण डब्यावर जासो एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठीचा दर्जा) हवंच. कारचं ऑइल घातलंत तर क्लच घसरेल.

बॅटरी रात्री काढून खोलीत. सकाळी क्लच दाबूनच स्टार्टर मारा, नाहीतर स्टार्टरला घट्ट ऑइलमधला गिअरबॉक्सही फिरवावा लागतो. ५ सेकंद स्टार्टर, अर्धा मिनिट थांबा. ढकलस्टार्ट बर्फावर करायला जाऊ नका, मागचं चाक नुसतं घसरतं.

कोथरूडचा_भटक्या
धन्यवाद! थंडीत टायरची हवा कमी होते म्हणतात. जास्त भरून निघू का?

स्पॅनर१७
नको. थंडीनं दाब उतरतो, पण उंचीवर बाहेरच्या हवेचा दाबही कमी असल्यानं गेजवरचा आकडा चढतो. पुण्यात ३० अंशाला २८ पीएसआय भरलेला टायर काझाला उणे १० ला साधारण २७ दाखवेल. गाडी निघायच्या आधी गार टायरवर मोजा, तेवढं पुरे.

बर्फाळ_वळण
गाडीपेक्षा वेळ सांभाळा. दुपारी वितळलेलं पाणी रात्री रस्त्यावर गोठतं आणि डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर ते नुसता ओला डांबर वाटतं. मलिंग नाला आणि नाकोची चढण याच जातीची. १० च्या आधी निघू नका, ४ च्या आत मुक्कामी पोहोचा. सावलीत शिरण्याआधीच दुसरा गिअर, क्लच सोडलेला, पुढच्या ब्रेकवरून बोटं काढलेली. ताजा बर्फ पडला असेल तर गाडी पिओला ठेवा. रस्ता उघडा असेल तेव्हा काझापर्यंत एसटीसारखी सरकारी बस जाते. यात कमीपणा कसला?

हीटेड ग्रिप्स तळवा गरम करतात, वारा लागतो बोटांच्या पाठीला. आधी हँडलवर बसणारे मफ घ्या, स्वस्त आणि जास्त कामाचे. बूट एक नंबर मोठे. दोन मोजे कोंबून घट्ट झाले की रक्तच पोहोचत नाही. आतला थर सुती नको, घामानं भिजला की वाळत नाही.

आणि खोलीत धुराड्याची बुखारी (खोली गरम करायची लोखंडी शेगडी) असेल तरच पेटवा. शेगडीत कोळसे घालून दार लावून झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.