मदत हवी आहे: आकुर्डीत खान्देशी जेवणाचे हॉटेल काढायचे आहे, हा गाळा घ्यावा का?

नमस्कार.

आम्ही मूळचे जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातले असून बऱ्याच वर्षांपासून पिंपरी-चिंचवडला स्थायिक आहोत. मी घरून जेवणाचे डबे देते आणि त्याची अन्न नोंदणी माझ्या नावावर आहे. यजमान कारखान्यात नोकरी करतात आणि निदान सुरुवातीची दोन-तीन वर्षे तरी त्यांनी नोकरी सोडायची नाही, असे आमचे ठरले आहे. हॉटेलचा धंदा सासर-माहेर दोन्हीकडे कोणीच केलेला नाही, त्यामुळे ज्यांनी स्वतः गल्ल्यावर बसून हा व्यवसाय केला आहे अशांचा सल्ला मला हवा आहे.

आकुर्डीत एका गृहनिर्माण सोसायटीच्या तळमजल्यावर सुमारे 450 चौरस फुटांचा गाळा मिळत आहे. आधी तेथे स्टेशनरीचे दुकान होते. मागे भटारखाना आणि मोरी काढल्यावर पुढे जेमतेम 22 माणसे बसतील. भाडे महिना 55,000 रुपये, अनामत 3 लाख, दरवर्षी भाड्यात वाढ, आणि पहिली तीन वर्षे आम्ही जागा सोडायची नाही, अशी मालकांची अट आहे. आमच्याजवळ 8 लाखांची बचत आहे आणि मुद्रा योजनेतून 6 लाखांचे कर्ज मिळावे म्हणून बँकेत बोलणी चालू आहेत. मालकांना या महिनाअखेर होकार किंवा नकार कळवायचा आहे.

कागदावर मी असा हिशेब मांडला आहे. भाडे विक्रीच्या बारा टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ नये असे ठिकठिकाणी ऐकले, म्हणून महिन्याची विक्री साधारण 4 लाख 60 हजार व्हायला हवी. आठवड्याची एक सुट्टी वगळून 26 दिवस धरले तर रोजचे 17,500 च्या आसपास होतात. माणशी सरासरी 180 रुपये बिल धरले तर रोज 97-98 माणसे जेवली पाहिजेत, म्हणजे प्रत्येक खुर्ची दिवसातून साडेचार वेळा भरली पाहिजे. दुपारी आसपासच्या कार्यालयांतली आणि महाविद्यालयांतली मंडळी येतील, रात्री कुटुंबे येतील, असे गृहीत धरले आहे. पण पहिल्या सहा महिन्यांत हा आकडा गाठता येतो का, हे मला खरोखर सांगता येत नाही. डब्यांच्या धंद्यात उद्या किती जण जेवणार हे आदल्या रात्रीच कळलेले असते, आणि इथे नेमका तोच आधार नाही.

पदार्थ मोजकेच ठेवायचे आहेत: शेवभाजी, घोटलेली वांग्याची भाजी, डाळगंडोरी, पाटोड्यांची आमटी, कळण्याची भाकरी, शनिवार-रविवारी वरण-बट्टी आणि हिवाळ्यात भरीत. पंजाबी आणि चायनीज ठेवल्याशिवाय हॉटेल चालत नाही, असे नात्यातल्या काही जणांचे ठाम मत आहे. मला ते पटत नाही. पनीरच्या भाज्या जवळपास सगळीकडे मिळतात. खान्देशी माणूस आमच्याकडे पनीर खायला कशाला येईल? तरीही पैसा आमचा, कर्ज आमचे, म्हणून विरुद्ध मतही ऐकून घेण्याची तयारी आहे.

माझ्या मुख्य शंका गाळ्याबद्दल आहेत. वर चार मजले राहती घरे आहेत. शेवभाजीची फोडणी बसली की घरातसुद्धा शेजारच्यांना ठसका लागतो. हॉटेलात तर ती दिवसभर बसणार. धुराडे मागच्या भिंतीवरून गच्चीपर्यंत न्यायला सोसायटीची हरकत नाही, असे मालक तोंडी सांगतात. तेवढ्यावर विसंबावे का? करारात कोणत्या अटी घालून घ्याव्यात? आणि 14 लाखांतले किती पैसे जागेवर, भांड्यांवर खर्च करावेत आणि किती हातचे राखून ठेवावेत? परवान्यांची यादी सगळीकडे मिळते. त्यातला कोणता आधी काढला नाही तर पुढचे सगळे अडते, हे कोणी सांगितले तर फार उपकार होतील.

प्रतिसाद 1

ताई, हिशेब मांडूनच विचारता आहात हे फार चांगले केलेत, पण त्यात भाड्याचा आकडा कमी धरला आहे. व्यापारी गाळ्याच्या भाड्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. मालकांची जीएसटी नोंदणी असेल तर ते बिलात तो लावतील. त्यांची नोंदणी नसेल आणि तुमची असेल, तर ऑक्टोबर 2024 पासून तो कर भाडेकरूने स्वतः भरायचा असतो. तुमची विक्री वर्षाला 50 लाखांच्या पुढे जावी अशी तुमचीच अपेक्षा असल्यामुळे नोंदणी टळत नाही. साध्या हॉटेलला ग्राहकाकडून 5 टक्के कर घेता येतो, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे भाड्यावरचे 9,900 रुपये सरळ तुमच्या खिशातून जातील. भाडे 64,900 धरा आणि हिशेब पुन्हा करा. त्याच बारा टक्क्यांच्या नियमाने रोजची विक्री 20,800 च्या घरात जाते आणि माणसे 98 ऐवजी 115 लागतात. हेच फ्रिज, शेगड्या, टेबले आणि सुताराच्या बिलालाही लागू आहे. दरपत्रक घेताना कर धरूनच रक्कम विचारा.

कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांनी विक्रीवर ठरावीक दराने जीएसटी भरायची योजना) गेलात तर नोंदणी नसलेल्या मालकाच्या भाड्यावरचा हा भाडेकरूने भरायचा कर लागत नाही, मात्र 5 टक्के कर ग्राहकाच्या बिलात लावता येत नाही, तो स्वतः सोसावा लागतो. तुमच्या बाबतीत कोणता मार्ग स्वस्त पडतो हे मालकांची नोंदणी आहे की नाही यावर ठरेल, म्हणून हा प्रश्न त्यांना आजच विचारा आणि उत्तर घेऊन कर सल्लागाराकडे जा. ॲपवरून पार्सल विकायचे असतील तर तेही सल्लागाराला आधीच सांगा.

धुराड्याबद्दल तोंडी शब्दाला काडीची किंमत नाही. अध्यक्षांचे पत्र पुरेसे नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव मागा आणि डक्ट कोणत्या भिंतीवरून, किती उंच जाणार हे त्यात लिहून घ्या. समिती बदलली की जुनी तोंडी परवानगी कोणाला आठवत नाही. तुमचे सगळे काम धुराडे आणि सांडपाणी या दोन गोष्टींवर अडेल, परवान्यांवर नंतर. इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशात त्या गाळ्याचा वापर काय दाखवला आहे ते आधी पाहा, कारण महापालिकेकडे आणि अग्निशमन विभागाकडे गेल्यावर पहिला प्रश्न त्याचाच येतो. अन्न परवाना जागेला मिळतो. घरच्या पत्त्यावरची नोंदणी हॉटेलला चालणार नाही. स्टेशनरीच्या दुकानाचा वीजभार दोन पंखे आणि चार दिव्यांचा असतो, तेव्हा भार वाढवून द्यायची जबाबदारी कोणाची आणि खर्च कोणाचा, हेही विचारून ठेवा. घरगुती गॅस सिलिंडर हॉटेलात वापरणे बेकायदा आहे. 19 किलोचे व्यापारी सिलिंडर ठेवायला हवा खेळती राहील अशी जागा मागच्या बाजूला आहे का, तेही बघा.

करारात मी तीन गोष्टींवर अडून बसेन. तीन वर्षांचे बंधन मालकांवर असू द्या, तुमच्यावर फार तर सहा महिने ते एक वर्ष. सोसायटीने किंवा महापालिकेने हॉटेलला परवानगी नाकारली तर अनामत पूर्ण परत मिळावी. आणि दुरुस्ती चालू असताना पहिले दीड-दोन महिने भाडे नसावे. करार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे आणि मुद्रांक शुल्कही पाव टक्काच आहे. या तीनही गोष्टींना मालक नाही म्हणाले, तर गाळा कितीही मोक्याचा असला तरी मी सोडून देईन. पैशांचे म्हणाल तर अनामत, भांडी, सुतारकाम मिळून 9 लाखांच्या वर जाऊ नका. उरलेले 5 लाख भाडे, पगार आणि वाण्याची उधारी यांसाठी वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यांना शोभेच्या दिव्यांसाठी हात लावू नका.

प्रतिसाद 2

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. फक्त स्वयंपाकघराबद्दल थोडे लिहितो. पंजाबी-चायनीजच्या आग्रहाला बळी पडू नका, त्यासाठी वेगळा आचारी, वेगळी शेगडी आणि वेगळा फ्रिज लागतो. पण खान्देशी जेवणात अडचण भाजीची नसते, भाकरीची असते. शेवभाजीचा रस्सा सकाळीच होतो आणि शेव पानात वाढताना पडते. पार्सलमध्ये मात्र ती वेगळ्या पुडीतच द्या, नाहीतर घरी पोहोचेपर्यंत लगदा होतो. भाकरी गरमच लागते आणि ती ऐन गर्दीतच थापावी लागते. दुपारी एक ते अडीच या वेळात 50 माणसे आली आणि माणशी दोन भाकऱ्या धरल्या, तर दीड तासात 100 भाकऱ्या झाल्या. भाकरी करणाऱ्या बाईंना दोन तव्यांवर घड्याळ लावून एकदा थापायला सांगा आणि मगच खुर्च्यांचा हिशेब करा. खुर्ची साडेचार वेळा भरेल की तीन वेळा, हे त्या तव्यांवर ठरेल. दोन बाया लागतील, असा माझा अंदाज आहे, आणि एक रजेवर गेली तर काय, याचेही उत्तर आधी हवे.

भरिताबद्दल थोडे वेगळे सांगतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि बामणोदकडची ती मोठी, पातळ सालीची हिरवी वांगी पुण्यातल्या खान्देशी माणसाला हमखास ओढून आणतील. पण शेतात कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याची चव गॅसवर येत नाही, आणि काड्या पेटवाल तर सोसायटीतले लोक पहिल्याच दिवशी खाली उतरतील. जाळीवर गॅसनेच भाजा, धुराड्याखाली आणि सकाळीच. मग हिरवी मिरची-लसूण घालून बडगीत (भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात) ठेचा, आणि फळ्यावर ते फक्त शनिवार-रविवारी लिहा. बट्टी तळून उरलेले तूप-तेल पुन्हा पुन्हा वापरू नका. वापरलेल्या तेलातल्या ध्रुवीय घटकांवर (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणाऱ्या घटकांवर) 25 टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे आणि तपासणीला आलेले अधिकारी ते जागेवर यंत्राने मोजू शकतात.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. भाड्यावरच्या कराची गोष्ट आम्हाला कोणीच सांगितली नव्हती. मालकांना काल विचारले. त्यांची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे आता कर सल्लागाराची वेळ घेतली आहे. सभेच्या ठरावाचा विषय काढल्यावर मालक जरा नाराज झाले, पण सोसायटीची सभा पुढच्या महिन्यात असल्याचे त्यांच्याकडूनच कळले, तेव्हा होकाराची मुदत सभेनंतरच्या आठवड्यापर्यंत वाढवून द्यावी असे त्यांना लेखी कळवले आहे. त्यांनी नकार दिला तर हा गाळा सोडून चिंचवड स्टेशनच्या बाजूला राहती घरे वर नसलेली जागा बघायची, असे घरात ठरले आहे.

भाकरीसाठी माझ्या डब्यांच्या कामातल्याच एक मावशी तयार आहेत आणि दुसऱ्या त्यांच्या ओळखीतल्या आहेत. एकच प्रश्न उरतो. दोघींना महिन्याचा पगार द्यावा की भाकरीमागे दर ठरवावा? मावशींना सणाआधी उचल लागते आणि त्यांना ठरलेला पगार हवा आहे. पण सुरुवातीचे काही महिने गिऱ्हाईक कमी असताना दोन पूर्ण पगार झेपतील का, याची मला धास्ती वाटते. ज्यांच्याकडे भाकरी करणाऱ्या बाया कामाला आहेत, त्यांनी आपली पद्धत कृपया सांगावी.