'कोन' गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

अमळनेरहून प्रश्न
वडिलांची जुनी रॅले सायकल पुन्हा चालती करतोय. हँडल वळवताना बरोबर मधोमध खट्‌कन बसतं. दुकानदार म्हणाले, "कोन गेलाय." हा कोन काटकोनातलाच का? आणि आतल्या बेअरिंगच्या गोलांना छर्रे म्हणायचं की गोळ्या?

धुळ्याहून
नाही भाऊ. भूमितीतला कोन संस्कृतातला, हा इंग्रजीतून आलेला. अर्थ शंकू. त्याचा निमुळता उतार वाटीकडे, म्हणजे गोळ्या बसतात त्या खोलगट कड्याकडे, तोंड करून असतो आणि दोघांच्या मधे गोळ्या. तो उतार पाहून मराठी माणसाला 'कोन' सहज पटतो. मोटरसायकलवाले सगळ्या संचालाच 'कोनसेट' म्हणतात. मला सायकलवाल्यांचं वाटी वेगळी, कोन वेगळा असं बोलणं जास्त आवडतं. काय बदलायचं ते त्यातून कळतं. विश्वकोशात बेअरिंगला 'धारवा' आहे. फार सुंदर शब्द, तो दुकानापर्यंत पोचायला हवा होता.

शिरपूरहून
छर्रे म्हणजे मुळात बंदुकीतले बारीक दाणे. दोन्ही शब्द बरोबर. आमच्या अहिराणीत ळ चा य होतो, म्हणून 'गोया'. आजोबा म्हणायचे, "गोया घसाई गयात."
पण तुमच्या सायकलीला 'घासणे' हे क्रियापद लागू नाही, 'खड्डे पडणे' म्हणा. चाकातल्या गोळ्या गोल फिरत राहतात, म्हणून तिथे झीज पसरते. हँडल मात्र जेमतेम थोडं वळतं. गोळ्या त्याच जागी बसून राहतात, तिथलं ग्रीस बाजूला सरतं आणि रस्त्याचा प्रत्येक दणका तिथेच बसतो. सरळ चालतानाच्या जागी खड्डे पडतात, म्हणून हँडल मधोमध अडकतं. खालच्या वाटीवर दणका जास्त, ती आधी पाहा.
नवी वाटी मिळाली नाही तर पत्र्याच्या कड्यात ओवलेल्या गोळ्या काढून सुट्या भरा. जुन्या सायकलींत बहुधा ५/३२ इंचाच्या असतात. वाटी भरेल इतक्या घालून एक कमी करा. कड्यातल्यापेक्षा संख्या वाढली की सगळ्या एकदम जुन्या खड्ड्यांत बसत नाहीत. वाटी थोडी फिरवून ठोकली तरी फरक पडतो.

अमळनेरहून
चिमटा (पुढचं चाक धरणारा) उतरवला. कोन ठीक आहे, खालच्या वाटीत पुढच्या बाजूला ओळीने खड्डे आहेत. दुकानात आता 'वाटी गेली' असंच सांगतो.