छटा ओळखताना कागद आधी पाहा

टपाल तिकिटांची आणि लिफाफ्यांची नेमकी छटा कॅटलॉगमधल्या फोटोशी जुळवून ठरत नाही, हे मत अगदी योग्य. त्यात एक भर. ज्यावर तिकीट आधीच छापलेलं असतं अशा लिफाफ्यात शाईइतकाच कागदाचा रंगही महत्त्वाचा असतो, आणि पांढरा कागद जुना होऊन पिवळा पडला की नवखा संग्राहक त्याला सहज 'अंबर' (मुळातच पिवळसर कागदाचा प्रकार) समजतो. म्हणून लिफाफ्याच्या आत डोकवा. उजेड न लागलेला तिथला कागद मूळ रंगाच्या बराच जवळ असतो. नारिंगी तिकीट तपकिरी दिसलं तर आधी रासायनिक बदलाचा संशय घ्या. शिशाची रंगद्रव्यं हवेतल्या गंधकाने काळवंडतात. तुलना दिवसाच्या उजेडातच, शक्यतो स्पष्ट तारखेचा शिक्का असलेल्या, नेहमी आढळणाऱ्या अशाच लिफाफ्यांशी करा. आणि कृपया तिकीट कापून काढू नका!